तिसऱ्या पुतळ्याचा हात

माझ्या भावाच्या मते मी भुतांशी गप्पा मारते. माझ्या भाचीच्या मते मी रिकाम्या खुर्चीशी गप्पा मारते. बापलेकीचं जगातल्या कुठल्याच गोष्टीवर पटत नाही, पण आत्याचं डोकं फिरलंय यावर दोघांचं एकमत आहे. चला, तेवढं तरी मी त्यांना एकत्र आणलंय.

गुरुवारी संध्याकाळी आमची आत्मवाद्यांची बैठक असते, हे खरं आहे. पोस्टातून निवृत्त झालेल्या अध्यक्षीणबाई टेबलावर बोटं टेकवून गेलेल्या माणसांना हाका मारतात. कधी टेबल हलतं, कधी नुसतीच बाईंची कंबर धरते. मी टेबलासाठी जातच नाही. मी जाते ती तिथल्या शिकवणीसाठी. या वयापर्यंत ऐकलेल्या सगळ्या शिकवणींत मला पटलेली ती एकच आहे, आणि ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं.

आमचं म्हणणं असं. आत्मा देवाने केला, पण तयार करून नाही दिला. अगदी कोरा, अजाण केला आणि म्हणाला, जा, शीक. शरीराचं काम त्याने निसर्गावर सोपवलं. निसर्गाने ते सावकाश, चुकतमाकत, माशापासून माकडापर्यंत आणि माकडापासून पुढे रेटत आणलं. घर राहण्याजोगं झालं तेव्हा राहणारा आला. तोही एकच पहिला बाप आणि एकच पहिली आई असा नव्हे, ठिकठिकाणी आला. तिथून पुढे जन्मामागून जन्म शिकत जायचं. शिकलेलं वाया जात नाही आणि कुणी मागे फिरून परत माकड होत नाही.

हे मी एकदा जेवताना सांगितलं. दादा म्हणाला, "पहिलं वाक्य बरोबर. बाकी सगळं थोतांड."

त्याची लेक बबी म्हणाली, "मधलं वाक्य बरोबर. बाकी सगळं थोतांड."

तेव्हा ती दोघं एका टेबलावर जेवत होती. मी बोलतेय ते नंतरचं, त्यांनी एकमेकांशी बोलणं टाकल्यावरचं.

दादा प्रार्थनाघरात उपदेशक आहे. देवाने मातीचा माणूस केला, त्यात फुंकर घातली, आणि तो पहिल्या दिवसापासून पुरा माणूस होता, हे तो अशा आवाजात सांगतो की मागच्या बाकावर डुलक्या घेणारेही सरळ बसतात. त्याची मुलगी बबी संग्रहालयात हाडांची शास्त्रज्ञ आहे. आणि मी त्याच संग्रहालयाच्या तळघरात पुतळे करते. त्याआधी सगळं आयुष्य कपड्यांच्या दुकानांसाठी काचेआडचे पुतळे केले. लांब मान, निमुळती बोटं, अंगावर कुठे डाग नाही की बोटाचा ठसा नाही. ठसा राहिला तर मुकादम पुतळा परत पाठवायचा. ती सवय हाडात मुरली आहे. माझ्या पुतळ्यावर माझं बोट कधी कुणाला सापडलेलं नाही.

आता राजेंबद्दल सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. राजे म्हणजे बबीचा धाकटा भाऊ. त्याच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वहिनी गेली, आणि मी त्या घरात मुक्कामाला आले ती कायमचीच. पोर बोललं नाही, चाललं नाही, मान कधी धरली नाही. सगळ्यांनी आपली उठाठेव करायची आणि ह्याने नुसतं बसून बघायचं, म्हणून नाव पडलं राजे. स्वयंपाक माझा, कपडे माझे, बाजार माझा. पण उचलणं आणि भरवणं दादाचं. तिथे तो कुणाला हात लावू देत नसे. भरवताना राजे पाय झाडायचे, ते पाय धरायचं काम तेवढं बबीचं. खाली बसून तिने वर्षानुवर्षं भावाचे पाय धरले. अकराव्या वर्षी एका थंडीत राजे गेले.

अंत्यविधीला माणसं जमली. त्यातल्या एकाने, तोंडात साखर घोळवत, दादाला विचारलं की असं मूल नेमकं कुणाच्या पापामुळे होतं. मी त्याच्या टाळक्यात काहीतरी घालणारच होते, पण बबी आधी उठली. सगळ्यांसमोर ठणकावून म्हणाली, "पाप कुणाचंच नाही. पेशीतला बिघाड होता. ह्यात देवाचा काही हात नव्हता."

पोरीने बापाला वाचवायला सांगितलं. बापाने ऐकलं ते असं, की माझ्या राजेंना देवाने घडवलंच नव्हतं, ते आपले कसेतरी घडले. त्या दिवसापासून त्याने लेकीशी बोलणं बंद केलं. ती वेगळ्या घरात राहायला गेली. मी राहते त्याच्याकडे, बुधवारी जेवते तिच्याकडे, आणि दोघांच्या खबरी इकडून तिकडे नेते. तो कधी 'तिचा खोकला बरा आहे का' असं विचारणार नाही. म्हणणार, "हल्ली हवा खराब आहे, लोकांना खोकला होतोय." मी म्हणते, "हो, लोक औषध घेतायत." तीन वर्षं हे असं चाललं होतं आणि मला त्याचा वीट आला होता.

अशात संग्रहालयात नवं दालन निघालं. माणूस कसा घडत आला ते दाखवायचं, ओळीने पाच पुतळे. दालन बबीचं, पुतळे माझे. पहिला अजून वाकून चालणारा, शेवटचा तुमच्याआमच्यासारखा. तिसऱ्यासाठी तिने माझ्यापुढे एका कवटीची प्रतिकृती ठेवली. एवढीशी, आणि एका बाजूने चेपल्यासारखी.

"दहाएक वर्षांचं मूल आहे," ती म्हणाली. "कवटीचे सांधे पोटातच जुळून आले. डोकं वाकडं वाढलं. हे चाललं-बोललं असेल असं मला वाटत नाही. काही लाख वर्षांपूर्वीचं आहे आत्या, आणि तरी ते दहा वर्षं जगलं. म्हणजे कुणीतरी..." आणि ती थांबली.

"कुणीतरी उचलून फिरवलं," मी म्हटलं.

"हं. तेच दाखवायचंय."

"मग त्याची आई करते."

"पुरुष कर," ती म्हणाली, आणि कागद आवरायला लागली. मी मूर्ख नाही. मी पुरुष केला.

लोखंडाची सळी, त्यावर तारा, त्यावर माती. भुवईवरचं जाड हाड, बसकं नाक, रुंद छाती, सगळं बबीने मोजून दिलेलं. कडेवर पोर, बापाच्या कोपरावर मागे टेकलेलं डोकं, तोंड आभाळाकडे. फार सुरेख दिसत होतं. बबी रोज यायची, मापं ताडून बघायची, आणि डोकं खाजवायची.

"काहीतरी खटकतंय, आत्या."

"हाडं चुकली?"

"हाडं बरोबर आहेत."

"मग तुझे डोळे तपास," मी म्हटलं. माझ्या कामाला नावं ठेवलेली मला खपत नाही.

इकडे प्रार्थनाघरात कुजबुज सुरू झाली होती. उपदेशकाची मुलगी माणसाला माकडाच्या पोटी घालतेय, आणि उपदेशक गप्प का? येत्या रविवारी त्याने सगळ्यांना सांगावं की त्या दालनात कुणी पाऊल टाकायचं नाही, असा धोशा लोकांनी त्याच्यामागे लावला. हे बबीच्याही कानावर गेलं. बुधवारी जेवताना ती अगदी शांतपणे म्हणाली, "त्यांनी हे लोकांपुढे बोलून दाखवलं, की मी त्यांचं तोंड परत बघणार नाही. बोलत नाहीत ते चाललं. हे नाही चालणार." ही पोर आदळआपट करते तेव्हा मी घाबरत नाही. शांत बोलली की घाबरते.

मी उठले आणि थेट घरी दादाकडे गेले.

"काय बोलणार आहेस रविवारी?"

"जे खरं आहे ते."

"तू पाहिलंस ते दालन?"

"पाहायची गरज काय?"

"न पाहता मत द्यायला तू काय नाक्यावरचा रिकामटेकडा आहेस?" मी म्हटलं. "उपदेशक ना तू? शुक्रवारी दुपारी तळघरात ये. डोळ्यांनी बघ, मग काय शिव्या द्यायच्यात त्या दे. शनिवारी सकाळी मी साचा घेणार. मग माती मोडते."

तो चष्मा पुसायला लागला. मग विचारलं, "ती असेल का?"

"ती शुक्रवारी बाहेरगावी आहे," मी म्हटलं. धडधडीत खोटं. "मग येतो," तो म्हणाला. आणि परत बबीच्या घरी जाऊन तिला सांगितलं की तिसऱ्या पुतळ्याची मापं शुक्रवारी दुपारी शेवटची तपासून दे. मला याचं काडीचंही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

गुरुवारच्या बैठकीत अध्यक्षीणबाईंनी टेबलाला विचारलं, भाऊ येईल का? टेबल ढिम्म हललं नाही. मी म्हटलं, राहू दे, त्याला माझा भाऊ माहीत नाही. तो दिलेला शब्द मोडत नाही.

तो आला. कोटाची सगळी बटणं लावून. तळघराच्या दारात क्षणभर थबकला. तिथे ओल्या मातीचा वास असतो, भिंतीला हात-पाय टांगलेले असतात, आणि फळीवर काचेचे डोळे ओळीने मांडलेले असतात. नवखा माणूस दचकतोच.

पहिल्या पुतळ्यापाशी येऊन म्हणाला, "हा कोण? तुझा पणजोबा?"

"माझा असला तर तुझाही तोच."

"ह्याच्यात आत्मा होता म्हणतेस?"

"शिकाऊ होता. आपल्यासारखाच."

"थोतांड," तो म्हणाला, पण बऱ्यापैकी मायेने. दुसऱ्यापुढे तर थांबलाही नाही. मग तिसऱ्यापुढे आला. "हे पोर असंच दहा वर्षं जगलं," मी सांगितलं.

मी मनात सगळं तयार ठेवलं होतं. तो काय म्हणेल, मग मी काय म्हणेन. त्याने म्हटलं असतं की देवाने माणूस असा ओबडधोबड केला नाही, तर मी म्हणणार होते की शरीर ओबडधोबड असलं म्हणून आतला ओबडधोबड ठरत नाही, हे तुला तरी मी सांगायला नको. पण तो काही म्हणेचना. त्या पोराच्या चेपलेल्या डोक्याकडे बघत राहिला. मग पुतळ्याच्या एका बाजूने गेला, दुसऱ्या बाजूने आला.

"हे पोर मरेल," तो म्हणाला.

"काय?"

"असं धरलंस तर मरेल. मान मागे पडलीय. लाळ सगळी घशात जाणार. एक दिवस निघणार नाही, तू म्हणतेस दहा वर्षं."

माझं डोकंच सणकलं. "अरे, आयुष्य गेलं माझं पुतळे करण्यात! मला शिकवतोस?"

"पुतळे केलेस," तो म्हणाला. "मूल नाही धरलंस."

झोंबलं मला ते, खोटं कशाला सांगू. पण बघितलं, आणि कळलं. मी दुकानाच्या काचेसाठी केलं होतं ते. लांब मान, वर केलेला चेहरा, येणाऱ्याजाणाऱ्याला छान दिसेल असा. राजेंना कधी कुणी असं धरलं नव्हतं. धरणारा एकच होता, आणि तो माझ्यासमोर कोटाची बटणं काढत होता.

कोट त्याने दुसऱ्या पुतळ्याच्या खांद्यावर टाकला. बाह्या दुमडल्या. "माती ओली कर," म्हणाला. मी पाण्याचा फवारा मारला. त्याने दोन्ही हात मातीत घातले.

"बसवायचं असं. सरळ. पाठ छातीला लावून. डोकं पुढे, थोडं खाली. हनुवटी तळहातात. हा अंगठा इथे, जबड्याच्या कडेला. गळ्यावर नाही. मग लाळ बाहेर येते आणि श्वास चालतो." तो पुतळ्याशी बोलत होता, माझ्याशी नाही.

मानेतली तार वाकवावी लागणार होती. मी मानेची माती कापली, पक्कड घेतली आणि तार पुढे ओढली. पोराचं अख्खं धड पुढे कललं. कडेवरून माती सुटायला लागली, पाय घसरायला लागले. माझे हात मानेत अडकलेले, दादाचे हनुवटीला.

"पाय धर!" तो ओरडला. "बबे, पाय धर त्याचे!"

बबी दारात उभी होती. केव्हापासून, मला माहीत नाही. त्याला तरी ती दिसली होती की नाही, देव जाणे. मी त्याला पुढे कधी विचारलं नाही. ती धावत आली, खाली गुडघ्यांवर बसली आणि तिने मातीचे दोन्ही पाय दोन्ही हातांत घट्ट धरले. अगदी तिथेच, घोट्याच्या वर, जिथे ती धरायची.

मी तार बसवली, माती भरली. दादाने पुतळ्याचा उजवा हात सोडवून पोराच्या हनुवटीखाली आणला, एकेक बोट वाकवलं, आणि अंगठा जबड्यावर दाबला. मग मागे सरकून बघितलं. आता ते सुरेख दिसत नव्हतं. आता ते पोर श्वास घेईल असं दिसत होतं.

"हेच," बबी खालून म्हणाली. "हेच खटकत होतं मला."

दादाने तिच्याकडे बघितलं नाही. पुतळ्याकडे बघत विचारलं, "हा माणूस कोण होता?"

"माहीत नाही, बाबा. हाडं फक्त मुलाची मिळाली. ह्याचं काहीच मिळालं नाही."

"मग हा होता कशावरून?"

"पोर जगलं त्यावरून," ती म्हणाली.

दादा स्टुलावर बसला. हातांवरची माती वाळायला लागली होती. तो म्हणाला, "तू म्हणालीस, देवाचा हात नव्हता."

"ते लोक तुम्हाला विचारत होते, पाप कुणाचं. मला त्यांची तोंडं बंद करायची होती."

"माझं बंद झालं."

"माहीतेय मला," बबी म्हणाली. "मला कळलं होतं त्याच दिवशी. पण तुम्ही बघतच नव्हता माझ्याकडे. बाबा, देवाच्या हाताचं मला खरंच माहीत नाही. मी खोटं नाही बोलणार, तुम्हाला बरं वाटावं म्हणूनसुद्धा नाही. एक हात मात्र मी रोज खालून बघितलाय. दहा-अकरा वर्षं."

त्याने तो हात पुढे केला. मातीने बरबटलेला. तिने धरला आणि त्यावर कपाळ टेकलं. तिच्या कपाळाला माती लागली. मी रडले, त्यात लपवायचं काय आहे? फळीवरचे सगळे काचेचे डोळे बघत होते, त्यांनाही बघू दे म्हटलं.

पण मला फार वेळ गप्प बसवत नाही. नाक पुसून म्हटलं, "शेवटी माणूस मातीतूनच झाला की रे, दादा. आणि केला कुणी? आमच्या उपदेशकाने!"

"तू तुझी भुतं बोलव जा," तो म्हणाला. पण हसला. तीन वर्षांनी.

"भुतं नाही. राजे," मी म्हटलं. "हे घर मोडकं होतं म्हणून त्यातला राहणारा मोडका नव्हता. देवाने केलेलाच होता तो, आणि शिकून गेला. कुठे गेला ते तुम्ही मानू नका, मी मानते."

या वेळी 'थोतांड' कुणीच म्हटलं नाही. दोघांपैकी कुणी मानलं असं मी म्हणत नाही. पण म्हटलं नाही.

शनिवारी सकाळी साचा घ्यायच्या आधी मी नेहमीप्रमाणे सगळे ठसे पुसायला घेतले. पोराच्या हनुवटीवर, जबड्याच्या कडेला, दादाच्या अंगठ्याचा ठसा खोल उमटला होता. रेष न् रेष. मी ओला स्पंज उचलला, आणि बबीने माझं मनगट धरलं. मी स्पंज खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच.

रविवारी दादा उभा राहिला. मी मागच्या बाकावर होते, बबी माझ्या शेजारी. तो म्हणाला, "मी पाहून आलो. माझं मत बदललेलं नाही. माणूस देवाने केला, आणि हे मी मरेपर्यंत सांगणार. ज्याला जायचंय त्याने जावं आणि तिथे वाद घालावा, माझी मुलगी वादाला भारी आहे, आधीच सांगून ठेवतो. पण तिथे तिसऱ्या जागी एक बाप उभा आहे. त्याला बघून कुणी हसलं, तर गाठ माझ्याशी आहे." मग समोरच्या बाकावरच्या त्या साखर घोळवणाऱ्या गृहस्थाकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि प्रार्थनेला सुरुवात केली.

दालन उघडलं त्या दिवशी चिक्कार गर्दी होती. त्यातली अर्धी तर प्रार्थनाघरातलीच होती, हिरिरीने वाद घालायला आलेली. संग्रहालयाचे संचालक पाहुण्यांना घेऊन तिसऱ्या पुतळ्यापाशी आले, वाकून बघू लागले, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय आहे? हनुवटीवर? कुणाचा अंगठा उमटलाय हा? असं काम बाईंच्या हातून कधी होत नाही."

"घडवणाऱ्याचा आहे," बबी म्हणाली. "राहू दे तो."

दादा शेजारीच उभा होता. त्याने उजवा हात हळूच कोटाच्या खिशात घातला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "बबे, इथे चहा कुठे मिळतो?"